पडद्यात अडकलेली लाट

माझी भाची दर दिवाळीला दोन अंक विकत आणते. त्यांत नोकरीतून सुटलेली माणसं आपापल्या हकिकती लिहितात. यंदा तिनं ते अंक माझ्यापुढं टाकले आणि म्हणाली, "मावशी, तू पण लिही की. एवढी वर्षं मदरशात काढलीस."

मी दोन्ही अंक वाचून काढले. एका फौजदारानं सगळे दरोडेखोर एकट्यानं पकडले होते. एका डॉक्टरच्या हातून आयुष्यात कुणीच दगावलं नव्हतं. एका वकिलानं फक्त निरपराध माणसांचीच वकीलपत्रं घेतली होती. असल्या थोर मंडळींच्या पंगतीत मी कुठं बसणार? म्हणून लिहिते आहे, पण देणार नाही. वही ट्रंकेत लुगड्यांच्या खाली राहील. भाचीला सांगीन, काही सुचलं नाही. माझ्याविषयी लोक असं चटकन खरं मानतात.

मी मामा होते. हैदराबादेकडं काम करणाऱ्या बाईला मामा म्हणत, आणि निजामाच्या राज्यात जे हैदराबादेला तेच बीडला. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी हद्दीतलं. तिथं मी मराठी चौथी पास झाले. मग मला मोगलाईत दिलं. इथं साध्या शाळेलाही मदरसा म्हणत आणि ती उर्दूत चालायची, त्यामुळं माझी चौथी हद्दीपलीकडंच राहिली. पुढं यजमान बैराग्यांच्या जथ्याबरोबर निघून गेले. त्यांना वैराग्य मिळालं, मला चाकरी. माहेरी भाऊ होता, पण भावाच्या घरी भावजयही होती. तिनं मला एकदाच सांगितलं होतं, "या की राह्यला. चूल तुमचीच समजा." तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. मी आयुष्यभर तिची चूल फुंकावी असंच तिच्या मनात होतं. मदरशातली चाकरी मला कशासाठी हवी होती, हे यावरून कळावं.

मुलींच्या मदरशात पुरुषाचं पाऊल पडायचं नाही, म्हणून शिपायाची सगळी कामं मामाकडं. सकाळी पडदा लावलेली बैलगाडी घेऊन घरोघर जायचं, मुली मोजून भरायच्या, मोजून उतरवायच्या. पाणी भरायचं, सतरंज्या झटकायच्या, घंटा द्यायची. गाडीवानानं मागं वळून बघू नये म्हणून त्याच्याकडं बघत बसायचं, हेही माझंच काम. मला बोलायची लाज वाटे, पण बघायला लाज लागत नाही.

एके वर्षी वर कुणाला तरी वाटलं की मुलींनी सायन्स शिकावं. फार चांगला विचार. फक्त सायन्स शिकवणारी बाई जवळपास कुठं नव्हती. मग मुलांच्या मदरशातले मास्तरसाहेब आठवड्यातून दोनदा यायचं ठरलं आणि वर्गात मधोमध पडदा लागला. मास्तरसाहेब मागच्या दारानं येत. त्यांच्या बाजूला टेबल, खुर्ची, काचेची भांडी, लोहचुंबक, भिंगं, म्हणजे सगळं सायन्स. मुलींच्या बाजूला सतरंजी.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना जाण्याची मुभा एकट्या मला होती. मामाला पुरुषानं बघितलं तरी बघितल्यात जमा नसतं. मी पाट्या घेऊन पलीकडं जायची, तपासून अलीकडं आणायची. त्यामुळं त्या मदरशात सायन्सचे प्रयोग डोळ्यांनी पाहिलेली विद्यार्थिनी एकच, आणि तिचं नाव हजेरीत नव्हतं.

मास्तरसाहेब मोठे हौशी. मेणबत्ती पेटवून भिंगानं तिची उलटी ज्योत भिंतीवर पाडत आणि पडद्याकडं तोंड करून विचारत, "दिखा?"

पलीकडून सात मुली एका सुरात म्हणत, "जी, दिखा."

एकदा काचेच्या तुकड्यातून ऊन पाडून त्यांनी सात रंग काढले. "सातों दिखे?" "जी, सातों दिखे." पडदा जाड मांजरपाटाचा होता. त्यातून दिवसाढवळ्या मांजर दिसलं नसतं.

हजेरीचंही तसंच. युसूफ वडगाव या गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, कौसल्या, बीडला मामाकडं राहून शिकत होती. खराखुरा मामा, आईचा भाऊ. ही पोरगी चार वेगवेगळ्या आवाजांत "हाजिर" म्हणायची. पावसाळ्यात चारच मुली यायच्या, तरी हजेरी पुरी भरायची. मास्तरसाहेबांनी आमच्या मदरशाच्या हजेरीचं लेखी कौतुक केलं होतं. मी कौसल्येला रागावले, पण हळूच. मी सगळंच हळू करायची.

मग लाटांचा धडा आला. लाटेला त्यांच्या पुस्तकात मौज म्हणत. पडद्यातून पार जाणारी ती पहिलीच चीज, म्हणून मला त्या धड्याचं अप्रूप. माजलगावच्या बाजारातला अंबाडीचा लांब दोर आणला होता. पडदा जमिनीपासून चारेक बोटं वर असे. त्याखालून दोराचं एक टोक अलीकडं, मी पायाजवळ धरून बसलेली. मास्तरसाहेब खुर्चीत बसल्या बसल्या वाकून आपलं टोक जमिनीवर डावी-उजवीकडं हलवत. दोर सापासारखा वळे आणि ते वळण फरशीवरून सरसरत पडद्याखालून माझ्या हातापर्यंत येई. मुली किंचाळत. या वेळी "दिखा" म्हणताना त्या पहिल्यांदा खरं बोलत होत्या.

जे सायन्स शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मला शिकवलेलं नसल्यामुळं मला ते साधं सांगता येतं. लाट पुढं जाते, पण ज्यात ती उठते ती वस्तू पुढं जात नाही. दोन बायकांनी सतरंजी दोन टोकांना धरून झटकली की एकीच्या हातातला हिसका दुसरीपर्यंत पोचतो. सतरंजीवरचा निळा पट्टा मात्र होता तिथंच राहतो, फक्त वर जाऊन खाली येतो. हिसक्याची वाट सरळ आणि पट्ट्याचं हलणं त्या वाटेला काटकोनात. झालं. मास्तरसाहेबांना हे सांगायला चार तास लागले, कारण त्यांना ते पाठ होतं.

त्या चार तासांत एकदा कौसल्येनं मला कानात विचारलं, "मामा, मास्तर म्हनत्यात मौज पुढं जाती. मग दोर कावून सरकत न्हाई तुमच्याकडं?"

"सतरंजी सरकती का?" मी म्हटलं.

तिचे डोळे मोठे झाले. सबंध चाकरीत शिकवण्याचं सुख मला तेवढंच मिळालं. वाक्य एक, तेही कानात.

इथवर सगळं ठीक होतं. मग बूट निघाले.

एका मुलीच्या वडिलांनी बडी आपांकडं तक्रार आणली. बडी आपा म्हणजे आमच्या मुख्य बाई. तक्रार अशी की पडद्याखालून मास्तरांचे बूट दिसतात. मुली त्या बुटांकडं बघतात. आता मास्तरसाहेबांचे बूट मी रोज जवळून बघत होते. त्या बुटांकडं बघून कुणाचं मन चळेल अशी भीती फक्त वडिलांनाच वाटू शकते. पण अब्रूचा प्रश्न होता. दोन दिवसांत नवा पडदा आला, जमिनीला टेकणारा, आणि खालच्या काठावर दगडी वजनं.

मास्तरसाहेब म्हणाले, रस्सी कुठून जाणार? बडी आपा म्हणाल्या, मामा बघेल.

मामानं बघितलं. पडदा कापडाचे दोन पट्टे जोडून केलेला होता, मधोमध उभी शिवण. कापड कापायला नको म्हणून मी कमरेच्या उंचीवर हातभर शिवण उसवली. फट बोटभर रुंद, त्यातून नजर जाऊ नये इतकीच. ती फाकू नये म्हणून दोन्ही काठांत बांबूच्या कामट्या घालून काज करतात तसे घट्ट टाके घातले. बडी आपांनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "वा, मामा." मला ते पुढं दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी तास होता. मास्तरसाहेबांनी उभं राहून दोर हातात घेतला आणि नेहमीसारखा डावी-उजवीकडं हलवला. अलीकडं काहीच आलं नाही. दोर माझ्या हातात मेल्यासारखा पडून राहिला. पलीकडं कामट्यांवर खाड खाड आवाज येत होता.

"दिखा?"

मुली सवयीनं म्हणाल्या, "जी, दिखा." कौसल्या म्हणाली, "नहीं दिखा, जनाब."

दोन वर्षांत "नहीं" हा शब्द पडद्याच्या त्या बाजूला पहिल्यांदाच गेला असावा. मास्तरसाहेबांनी जोर लावला. खाड खाड वाढली. लाट आली नाही.

"मामा रस्सी ढीली पकड़ती है," ते म्हणाले.

मी दोर हाताला दोन वेढे देऊन धरला होता. तळव्याची सालपटं निघाली होती. पण पडद्यामागच्या माणसाला ते कसं दिसणार, आणि मी तरी कशी सांगणार? पुढच्या तासालाही तेच झालं. मग मास्तरसाहेबांनी बडी आपांना लेखी कळवलं की मामाच्या कामचुकारपणामुळं मौज मुलींपर्यंत पोचत नाही. त्यातच औरंगाबादहून मोहतमीमसाहेबा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या बाई, यायचा दिवस ठरला.

बडी आपांनी मला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. नजर खाली ठेवून म्हणाल्या, "मामा, मुआयने के दिन मौज इधर नईं आई, तो मुझे दुसरी मामा देखनी पड़ेगी."

मी मान हलवली. भावजयीची चूल डोळ्यांपुढं आली, फुंकणीसकट.

त्या दिवशी गाडीच्या बैलाचा नाल निघाला म्हणून गाडी अडकली. बाकीच्या मुली जवळच्या, त्यांना घरच्या बायका येऊन घेऊन गेल्या. मी आणि कौसल्या वर्गात बसून राहिलो. ती उठली आणि थेट पडद्यापलीकडं गेली. मास्तरसाहेबांच्या खुर्चीत बसून तिनं दोर उचलला.

"मामा, धरा."

"अगं, कुनी बघंल."

"कोन? पडदा हाय की."

मी टोक धरलं. तिनं डावी-उजवीकडं हलवलं. खाड खाड.

"आली का?"

"न्हाई."

"दोर कामट्यांला थपडा मारतुया बगा. फट लई अरुंद हाय."

फट मी केली होती. मला ती अरुंद आहे हे ऐकून बरं वाटलं नाही. मी फटीकडं बघत राहिले. बोटभर रुंद, पण हातभर उंच. डावीकडं जायला दोराला जागा नव्हती. वर जायला होती.

"वरखाली करून बघ," मी म्हटलं.

हिसका माझ्या हातावर असा येऊन बसला की टोक सुटलं. कौसल्या धावत अलीकडं आली. "मामा! लाट दोन्ही बारी तुमच्याकडंच यायलीती. पर दोर आडवा हलतुया का उभा, त्याच्यावर हाय! फटीतून दोर उभाच हलू शकतो, म्हून उभीच लाट सुटली!"

मास्तरसाहेबांनी काटकोन, काटकोन म्हणून पाठ करून घेतलेलं सगळं त्या एका फटीनं सांगितलं होतं. मग आम्ही दोघी उगीचच हसलो.

पुढच्या तासाला कौसल्येनं अदबीनं सांगितलं, "जनाब, ऊपर-नीचे हिलाया तो आती है. फट की वजह से."

मास्तरसाहेबांनी पानं उलटल्याचा आवाज आला. "किताब में फट का ज़िक्र कहाँ है?"

"नहीं है, जनाब."

"तो फिर?"

आणि ते डावी-उजवीकडंच हलवत राहिले. माणूस एकदा डावी-उजवीकडं शिकला की त्याला वर-खाली करायला लावणं मामाच्या आवाक्यातलं नसतं. मास्तर बदलणार नव्हते. फट बदलता येत होती.

तपासणीच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. उभी फट कच्च्या टाक्यानं मिटवली, कामट्या आतच ठेवल्या. तिच्या शेजारी कात्री घातली आणि सरकारी नवं कापड हातभर आडवं कापलं. वर एक कामटी, खाली एक कामटी, घट्ट टाके. टाके पुरे झाले आणि मुलींना आणायला न्यायची गाडी बाहेर येऊन उभी राहिली.

मोहतमीमसाहेबा उंच, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्या मुलींच्या बाजूला खुर्चीवर बसल्या. पलीकडून मास्तरसाहेबांनी सलाम केला, पडद्याला. मग दोर हलवला, डावी-उजवीकडं. आडव्या फटीतून लाट सुळकन आली आणि माझ्या हातावर आपटली. पुन्हा आली. पुन्हा आली. बडी आपांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. माझी चाकरी राहिली होती. तपासणी तिथंच संपायला हवी होती.

पण बाई हुशार निघाल्या. हुशार माणसं तपासणीला पाठवू नयेत.

"मास्टरसाहब, अब ज़रा ऊपर-नीचे हिलाइए."

मास्तरसाहेबांनी अख्ख्या ताकदीनं वर-खाली हलवलं. खाड खाड खाड. दोर माझ्या हातात गप्प.

"यह क्यों नहीं आई?" बाईंनी विचारलं.

पलीकडून आवाज आला, "हुज़ूर, मामा रस्सी..."

कौसल्या उभी राहिली. अर्ध्या उर्दूत, अर्ध्या आपल्या बोलीत तिनं सगळं सांगितलं. लाट सरळ येते, दोर काटकोनात हलतो, फट आडवी आहे म्हणून आडवं हलणं सुटतं आणि उभं अडतं. "मामा, उभी फट खोला," ती म्हणाली.

मी दातानं कच्चा टाका तोडला, दोरा सर्रकन ओढून काढला आणि पलीकडं जाऊन दोर उभ्या फटीत घातला. मास्तरसाहेब माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असावं. मी अलीकडं आले, टोक धरलं. वर-खाली, आली. डावी-उजवीकडं, खाड खाड.

मोहतमीमसाहेबा खुर्चीतून उठल्या. त्यांनी दोन्ही फटी बोटानं चाचपून बघितल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बहुत ख़ूब. इतना साफ़ तो मैंने कहीं नहीं देखा. यह किसने सोचा?"

कौसल्या माझ्याकडं बघत होती. पडद्याच्या त्या बाजूला सगळ्या बायकाच होत्या. लाजायला समोर एक पुरुष नव्हता. मी म्हणायचं होतं, जी, मैंने. दोन शब्द. मला उर्दू त्याहून पुष्कळ जास्त येत होती.

कौसल्येनं तोंड उघडलं. "हुज़ूर, हमारी मा..."

मी तिचा हात धरला आणि तिला खाली ओढून बसवलं.

मला वाटलं, सरकारी पडदा कापला हे कळलं तर वाचलेली चाकरी जाईल. हे खरंच वाटलं, की नंतर मनाची समजूत घालायला शोधून काढलं, ते आता सांगता येत नाही. तेवढ्यात पडद्यामागून मास्तरसाहेबांचा स्पष्ट, ठाम आवाज आला.

"हुज़ूर, नाचीज़ ने."

तपासणीच्या वहीत शेरा लिहिला गेला. बडी आपांनी तो मला वाचून दाखवला, चांगलं मन असल्यामुळं. मास्तरसाहेबांनी साध्या दोरानं आणि पडद्यानं अवघड गोष्ट समजावून सांगितली, अशी बुद्धी क्वचित दिसते, वगैरे. खाली एक ओळ: पडदा दोन ठिकाणी फाटलेला आहे, मामाला ताकीद द्यावी. मला ताकीद मिळाली.

अशी बुद्धी बीडमध्ये वाया जाऊ देणारं ते सरकार नव्हतं. चार महिन्यांत मास्तरसाहेबांची औरंगाबादच्या मोठ्या मदरशात नेमणूक झाली. त्यांच्या जागी मुलींना सायन्स शिकवायला दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून वर्ग तात्पुरता बंद झाला. अजून उघडल्याचं ऐकिवात नाही.

बंद झाल्याचं सांगितलं त्या दिवशी गाडीत कौसल्या माझ्यासमोर बसली होती. ती म्हणाली, "मामा, मला कावून बसवलं?"

"चाकरी गेली असती माझी."

"आता ऱ्हायली ना?"

"ऱ्हायली."

तिनं मान हलवली आणि गाडीचा पडदा बोटभर बाजूला करून बाहेर बघत बसली. मी तिला रागवायला हवं होतं, ते माझं काम होतं. वर्षाअखेर तिचे वडील येऊन तिला युसूफ वडगावला घेऊन गेले. सायन्स नाही तर पोरीला शहरात ठेवून काय उपयोग, असं म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं मामा होते. भिंगं, चुंबक, काचेची भांडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं. दर आठवड्याला मी ती पुसून ठेवी. मास्तरसाहेबांना जेवढं येत होतं तेवढं मला येत होतं, आणि शिवाय एक गोष्ट जास्त. कुणी विचारलं असतं तर मी शिकवलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

ताकीद मिळाल्यावर पडदा दुरुस्त करणं माझ्याकडंच आलं. उभी फट मी पक्क्या टाक्यानं शिवली, पहिल्यासारखी शिवण दिसेल अशी. आडव्या फटीला मात्र कच्चा टाका घातला. एका बाजूनं दोरा ओढला की क्षणात सुटेल असा.

तो पडदा त्या वर्गात आणखी अकरा वर्षं होता. दोरा कुणी ओढला नाही.